सोलर गच्चीवर चढवण्याआधी अंगणात उतरवून घ्या

भोसरीच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं इनवर्ड इन्स्पेक्शनला होते. बाहेरून आलेला माल आधी माझ्या टेबलावर यायचा: कास्टिंग, बेअरिंग, नटबोल्ट, केबलची बंडलं. मी सही केली तर तो स्टोअरमध्ये जायचा, नाही तर लाल टॅग लावून आल्या टेम्पोने परत. टेम्पोवाले मला पाठीमागे काय म्हणायचे ते ठाऊक आहे, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि हीच बाई २०१८ साली कर्वेनगरच्या स्वतःच्या रो-हाउसवर सोलर बसवताना एकही वस्तू हातात घेऊन न बघता पैसे मोजून मोकळी झाली. तीन कोटेशनं आली, त्यातलं सगळ्यात स्वस्त घेतलं. वर काच, खाली सिलिकॉन, चार पाइप नि दोन वायरी. फिरणारा भाग नाही, तेल नाही, ग्रीस नाही, त्यात बिघडणार काय, असा माझा कयास.

२०२२ च्या मे महिन्यात कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेले, तर जळक्या प्लास्टिकचा वास. पॅनेलखाली वाकून बघितलं तर दोन वायरी जोडणारा काळा कनेक्टर वितळून मेणासारखा लोंबत होता. त्याच पावसाळ्यात मागच्या बेडरूमच्या छताला ओल आली, कारण स्ट्रक्चरचे बोल्ट कोबा फोडून थेट स्लॅबमध्ये मारले होते. वेल्डिंगच्या जागा तांबड्या झालेल्या, नख लावलं की पोपडे निघत. बसवणाऱ्याचा फोन लागेना. बिलावरच्या पत्त्यावर गेले तर तिथे अमृततुल्य सुरू झालेलं. चहा पिऊन परत आले.

पॅनेल मात्र ठणठणीत होती. क्लॅम्प मीटर लावून करंट बघितला, सहाच्या सहा पॅनेल आपापलं काम करत होती. मेलं होतं ते त्यांच्या आजूबाजूचं सगळं. लोक घासाघीस पॅनेलच्या कंपनीवर करतात आणि सिस्टिम मरते ती कनेक्टर, स्ट्रक्चर नि अर्थिंगमध्ये. या गोष्टींची नावं कोटेशनात धड लिहिलेलीही नसतात.

२०२४ मध्ये ते सगळं उतरवलं आणि ३.३ किलोवॉटची नवी सिस्टिम घातली. या वेळी माल आधी अंगणात उतरवून घेतला आणि नोकरीत केलं तेच केलं. पुढे नात्यातल्या आणि गल्लीतल्या पाच-सहा जणांकडे हेच काम करत फिरले. दर वेळी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून लिहून काढलं.

आधी सावली, मग कोटेशन

कोटेशनवाला बहुधा एप्रिल-मेमध्ये येतो, कारण बिल बघून आपल्याला तेव्हाच सोलरची आठवण होते. नेमकी ती वेळ चुकीची. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. पाण्याच्या टाकीची सावली टाकीखालीच मावते. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. पाच फुटी टाकीची सावली तेव्हा दुपारी बाराला साडेचार फूट उत्तरेकडे पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब.

एका ओळीत जोडलेल्या पॅनेलमधून करंट एकच वाहतो. एकावर सावली पडली की त्या पॅनेलमधले बायपास डायोड त्याचा तेवढा भाग वगळून करंट पुढे नेतात, म्हणजे वीज तर जातेच, शिवाय रोज त्याच डायोडवर ताण येतो. म्हणून जमलं तर डिसेंबर-जानेवारीत एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि साडेतीनला गच्चीवर खडूने सावल्यांच्या कडा आखा. थांबायचं नसेल तर मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, ती चालतील. शेजारी जिन्यावर खोली चढवणार आहेत का हेही विचारून घ्या. आमच्या शेजारच्या काकांनी चढवली.

किती किलोवॉट लागेल याचा ढोबळ आडाखा सोपा आहे. पुण्यात १ किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, म्हणजे महिन्याला साधारण १२०. एका महिन्याचं बिल धरू नका, बारा महिन्यांची युनिटं मांडा. जागा किलोवॉटमागे साधारण १०० चौरस फूट लागते.

कोटेशन कसं वाचायचं

आमच्या नव्या सिस्टिमसाठी दोन कोटेशनांत २२,००० रुपयांचा फरक होता. दोघांना म्हटलं, आयटमवार दर लिहून द्या. पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) मिळून फरक निघाला सहा हजारांचा. उरलेले सोळा हजार स्ट्रक्चर, केबल, फ्यूज-स्विचचे डबे आणि अर्थिंगमध्ये होते. म्हणजे स्वस्तवाल्याने पॅनेल तेवढ्याच तोडीची दिली होती आणि कात्री लावली होती ती आपल्याला दिसत नाही तिथे.

कोटेशनात तीन शब्द दिसले की पेन काढा: 'रेप्युटेड मेक', 'स्टँडर्ड' आणि 'ऑर इक्विव्हॅलंट'. कारखान्यात असलं कोटेशन आलं असतं तर आमच्या परचेसवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. प्रत्येक वस्तूची कंपनी, मॉडेल आणि माप लिहून मागा. पॅनेलचं मॉडेल, इन्व्हर्टरचं मॉडेल, स्ट्रक्चरला हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर, किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पाइपची जाडी, डीसी केबल किती स्क्वेअर एमएमची, कनेक्टर कोणत्या कंपनीचे, सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून बचाव) कोणतं, अर्थिंगचे खड्डे किती नि रॉड किती लांबीचा. 'काकू, एवढं कुणी विचारत नाही हो,' असं उत्तर येईल. मी म्हटलं, बाळा, मी विचारतेय ना.

अनुदानाचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये मिळतात. पैसे आपल्या बँक खात्यात येतात. अनुदान वजा करून रेट सांगणाऱ्याकडून आधी पूर्ण किंमत वदवून घ्या. अनुदानासाठी पॅनेल डीसीआर लागतात, म्हणजे आतले सेल आणि मोड्यूल (अख्खं पॅनेल) दोन्ही भारतात बनलेली. ही पॅनेल साध्यांपेक्षा महाग असतात, म्हणूनच बिलावर डीसीआर आणि गच्चीवर दुसरंच असं होण्याची भीती असते. शिवाय योजनेत बसवणाऱ्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी आहे. पाच वर्षं देखभाल करायची असेल तर पाच वर्षं तो धंद्यात हवा. त्याला विचारा, पाच वर्षांपूर्वी बसवलेली एखादी सिस्टिम दाखव. कालची कुणीही दाखवेल. जुनी बघायला जा, घरच्या माणसाला विचारा की शेवटचा फोन केला तेव्हा किती दिवसांनी माणूस आला. तिथेच पाइपच्या जोडांवर बोट फिरवून या.

पैसे टप्प्याने द्या, आणि नेट मीटर (लाइनमधून घेतलेली नि लाइनला दिलेली वीज मोजणारा) लागून अर्थिंगचं रीडिंग हातात पडेपर्यंत किमान दहा टक्के राखून ठेवा. यावर तो फार कुरकुरला तर त्याला तिथेच नमस्कार करा.

अंगणातली तपासणी: पॅनेल

माल आला की लगेच दोर लावून वर ओढायची घाई असते, कारण टेम्पो थांबलेला असतो. टेम्पोला थांबू द्या.

प्रत्येक पॅनेलच्या मागे लेबल असतं. त्यावरचं मॉडेल कोटेशनाशी आणि सिरियल नंबर बिलाशी ताडून बघा, सगळ्या नंबरांचे फोटो काढा. एकदा ती स्ट्रक्चरवर बसली की मागचं लेबल वाचायला पाठीवर झोपावं लागतं. मी एकदा केलंय. कोपरे बघा, काचेच्या कडा बघा, मागचा पांढरा किंवा पारदर्शक थर ओरखडलेला नाही ना बघा, मागच्या काळ्या डब्याचं झाकण घट्ट आहे का बघा. फ्लॅश टेस्ट रिपोर्ट (कृत्रिम प्रकाशात पॅनेलची वीज मोजल्याचा) मागा, कंपनी तो प्रत्येक सिरियल नंबरचा काढते.

डोळ्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे सेलमधल्या बारीक भेगा. ५५० वॉटचं पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि २८ किलोच्या आसपास असतं. मुलं ते चुंबळ ठेवून डोक्यावरून नेतात. मध्ये डोकं, दोन्ही टोकं हलताहेत, आणि काचेखाली केसाएवढ्या जाडीचे सेल. आज काहीच कळत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनी त्या भेगा लांबतात आणि वीज कमी होते. दोघांनी उभं धरून न्यायचं, एवढंच सांगायचं. आणि पॅनेलवर पाय देऊन कुणी उभं राहिलं तर मी ओरडते, मग शेजारी काहीही म्हणोत.

मोनो पर्क घ्यायची की टॉपकॉन (पॅनेलमधल्या सेलचे हे दोन प्रकार), यावर लोक माझ्याशी तासभर बोलतात. हिशेब करून बघा. पॅनेलची वॉटची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं असं धरा, म्हणजे ४० अंश जास्त. पर्क प्रत्येक अंशाला ०.३५ टक्क्याच्या आसपास वीज घालवतं, म्हणजे १४ टक्के. टॉपकॉन ०.३० च्या आसपास, म्हणजे १२. फरक दोन टक्क्यांचा. चांगल्या भावात टॉपकॉन मिळालं तर जरूर घ्या, पण त्यासाठी स्ट्रक्चरचे पैसे कापू नका.

वॉरंटीही दोन असतात. २५ किंवा ३० वर्षांची जी मोठ्या अक्षरांत छापलेली असते ती वीजनिर्मितीची. ती सिद्ध करायची तर पॅनेल उतरवून प्रयोगशाळेत मोजायला हवं. 'चार टक्के कमी येतंय' असं गच्चीवरून सांगून काही होत नाही. १० किंवा १२ वर्षांची लहान अक्षरांतली वॉरंटी मालाच्या दोषाची असते. पॅनेलमध्ये पाणी शिरलं, थर सुटले, डबा जळला, तर कामाला येते ती हीच. माझ्या लेखी तिची किंमत जास्त.

स्ट्रक्चर आणि माझं गेज

निवृत्त होताना सहकाऱ्यांनी मला साडी दिली. मला कोटिंग थिकनेस गेज हवं होतं. ते मी पुढे स्वतःच घेतलं. साबणाच्या वडीएवढं यंत्र आहे, लोखंडावर टेकवलं की वरचा थर किती मायक्रॉनचा ते दाखवतं.

स्ट्रक्चरसाठी टेंडरांमध्ये साधारण ८० मायक्रॉनचं हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग मागतात. म्हणजे पाइप कापून, भोकं पाडून, वेल्डिंग करून झाल्यावर तयार तुकडा वितळलेल्या जस्तात बुडवायचा. बाजारात दुसरा पाइपही मिळतो, जो आधीच जस्त लावलेल्या पत्र्यापासून बनतो. तोही चकचकीत, तोही 'जीआय'. पण पत्र्यावर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त म्हणजे प्रत्येक बाजूला आठ-नऊ मायक्रॉन फक्त. शिवाय गच्चीवर तो कापला, वेल्डिंग केलं, की त्या जागी जस्त उरतच नाही. वरून चंदेरी रंग मारतात, पहिल्या पावसाळ्यात छान दिसतो.

आमच्या नव्या मालात पहिल्या खेपेला गेजने दाखवलं: १४, ११, १३. कोटेशनात लिहिलं होतं ८०. मी काही बोलले नाही, गेज त्या मुलाच्या हातात दिलं आणि त्यालाच टेकवायला सांगितलं. त्याने चार ठिकाणी टेकवून बघितलं, मालकाला फोन लावला, आणि टेम्पो परत गेला. आठ दिवसांनी आलेल्या मालाने ८६ ते ९५ दाखवलं. गेज तुमच्याकडे नसणार. कोटेशनात मायक्रॉन लिहून घ्या आणि 'मी मोजून घेणार आहे' असं आधीच सांगा, अर्धं काम त्यानेच होतं. पाइपच्या आत डोकावूनही कळतं: बुडवलेल्या पाइपाच्या आतूनही जस्ताचा करडा, थोडा खडबडीत थर असतो आणि भोकांच्या कडासुद्धा झाकलेल्या असतात.

नटबोल्ट स्टेनलेस स्टील ३०४ चे हवेत. लोहचुंबक लावून बघा, कचकन चिकटला तर ते स्टेनलेस नव्हे. किंचित ओढ लागली तर लगेच भांडू नका, घडवताना ताण आला की ३०४ लाही थोडी ओढ येते. आमच्याकडे अर्धे बोल्ट साधे निघाले तेव्हा भांडणात वेळ न घालवता मी बोहरी आळीत गेले आणि बोल्ट, वॉशर, नट वजनावर घेऊन आले. बिल त्याच्या हातात ठेवलं आणि तेवढे पैसे कापून घेतले.

वारा कुणी धरत नाही. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, ताशी १४० किलोमीटर. ढोबळ सूत्राने तो चौरस मीटरला ९० किलोच्या वर दाब देतो. सहा पॅनेलचं क्षेत्र साडेपंधरा चौरस मीटर, म्हणजे वाईटात वाईट वेळी सुमारे चौदाशे किलोचा जोर. वळवाच्या पावसात पत्रे कसे उडतात ते आपण दरवर्षी बघतो. तरीही स्लॅबला भोकं पाडायची गरज नाही. कोब्यावर काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे ठोकळे, ओतून त्यात अँकर बोल्ट बसवतात, पेडेस्टलखाली आणि भोवती वॉटरप्रूफिंगचा लेप द्यायचा. वजन किती, पेडेस्टल किती, हे इंजिनिअरकडून लिहून घ्या. पेडेस्टल ओतल्यावर किमान आठवडाभर पाणी मारा. सोलरवाले दुसऱ्या दिवशी पॅनेल चढवायला येतात, त्यांना परत पाठवा.

अंगठ्याएवढा कनेक्टर

माझी पहिली सिस्टिम ज्याने खाल्ली त्याच्याबद्दल सविस्तर सांगते. पॅनेलच्या वायरी एकमेकींना जोडतात त्या कनेक्टरला सगळे एमसी-फोर म्हणतात. हे मूळ एका स्विस कंपनीचं डिझाइन, पण आता 'त्यात बसणारे' कनेक्टर ढिगाने मिळतात. बसतात, टक् असा आवाजही येतो. पण एकाचा नर आणि दुसऱ्याची मादी जोडली की आतल्या धातूची पकड, प्लेटिंग, रबराची रिंग यातलं काही ना काही जुळत नाही. सुरुवातीला समजत नाही. मग ऊन-थंडीने सैल पडत जातं, ओल शिरते आणि जोडाचा रेझिस्टन्स वाढतो.

आता आकडा मांडा. ५५० वॉटच्या पॅनेलमधून भर दुपारी १३ अँपिअरच्या आसपास करंट येतो. जोडात ०.१ ओहम रेझिस्टन्स आला तर १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ १७ वॉट उष्णता. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. तसली वस्तू अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या पोटात रोज पाच तास तापत ठेवलीय असं समजा.

आणि ठिणगी पडली तर ती विझत नाही. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, ठिणगीला विझायची संधी मिळते. गच्चीवर सहा पॅनेल ओळीने जोडली की अडीचशे व्होल्टची डीसी तयार होते. ती शून्यावर येतच नाही. म्हणून ऊन असताना हे कनेक्टर स्वतः ओढून काढू नका. मेन बंद केला तरी पॅनेल वीज बनवतच असतात.

काय करायचं? पॅनेलला कंपनीतून आलेला कनेक्टर ज्या कंपनीचा असेल त्याच कंपनीचे कनेक्टर बाकीच्या वायरींना लावायला सांगा, नाव कनेक्टरवर कोरलेलं असतं, चष्मा लावून वाचा. पिन दाबायला खास क्रिम्पिंग टूल असतं. पकडीने दाबताना दिसलं तर काम थांबवा. आमच्याकडे मी एक नमुना क्रिंप करून घेतला आणि दोन्ही हातांनी ओढून बघितला. निघाला. मुलगा खजील झाला, खाली जाऊन गाडीतलं टूल घेऊन आला. म्हणजे ते त्याच्याकडे होतं! जिन्याच्या सव्वीस पायऱ्या उतरायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

डीसी केबल सोलरचीच हवी: तांबं कल्हई केलेलं, वरचं आवरण उन्हाला टिकणारं, घरगुती सिस्टिमला बहुधा ४ स्क्वेअर एमएम पुरते. दर मीटरला वायरीवर छापलेलं असतं, वाचा. तपकीर गल्लीत साधी वायर अर्ध्या भावात मिळते, पण तिचं आवरण उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतं. वायरी कोब्यावर लोळत ठेवू देऊ नका. पावसाचं पाणी साठतं आणि उंदीर-खारी कुरतडतात.

इन्व्हर्टर

चांगल्या कंपनीचा, पुण्यात सर्व्हिस सेंटर असलेला, वॉरंटी जमेल तेवढी लांब. तो आयपी-६५, म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारा, असला तरी पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लावू नका, तापला की स्वतःच वीज कमी करतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची एसी केबल जाड घ्या. आजूबाजूला सोलर वाढलंय, दुपारी लाइनचा व्होल्टेज चढतो, त्यात बारीक केबलने भर पडते आणि भर उन्हात इन्व्हर्टर ट्रिप होत राहतो. भावजयीकडे हेच होत होतं, ती पॅनेलला दोष देत होती.

आणि गुरुवारी लाइटचा शटडाउन असला की स्वच्छ उन्हातही सोलर बंदच राहणार. साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेल्या, सिस्टिमचं ते वैशिष्ट्यच आहे, नाही तर आपली वीज लाइनमध्ये जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला लागेल. बॅटरीवाली हायब्रिड घेतली तर दिवे चालतात, पण पुणे शहरात त्यासाठी एवढा खर्च करावा असं मला वाटत नाही. माझा जुना छोटा घरगुती बॅटरीचा इन्व्हर्टर तेवढ्यापुरता पंखा आणि वाय-फाय चालवतो.

जमिनीत काय गाडतात ते उभं राहून बघा

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे लागतात: वीजरोधकाचा, डीसी बाजू आणि स्ट्रक्चरचा, आणि एसीचा. वीजरोधकाची पट्टी दुसऱ्या कशालाही जोडू देऊ नका.

पुण्याची अडचण वेगळी आहे. बऱ्याच भागांत चार-सहा फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. खोदणारा माणूस दोन तासांत थकतो. मग लांब रॉड अर्धा कापून गाडतात आणि वर चेंबरचं गोंडस झाकण बसवतात. आमच्याकडे ३ मीटरचा रॉड ठरला होता. मी आत चहा टाकायला गेले तेवढ्यात हॅक्सॉचा आवाज आला. चहा तसाच गॅसवर ठेवून बाहेर आले.

म्हणून खड्डा बुजवण्याआधी अर्थ टेस्टरने रीडिंग घ्यायला लावा. ५ ओहमच्या आत हवं. आमचं पहिलं आलं ८. पाषाण फोडत बसण्यापेक्षा तीन मीटर अंतरावर दुसरा रॉड मारून दोन्ही पट्टीने जोडले, तेव्हा ४.४ आलं. रीडिंगचा फोटो काढा आणि कागदावर त्याची सही घ्या. उन्हाळ्यात माती सुकली की रीडिंग वाढतं, तेव्हा पुन्हा एकदा मोजा आणि खड्ड्यात पाणी घाला.

चालू केल्यावर

चालू करण्याआधी मेगरने वायरींचं इन्सुलेशन मोजायला लावा, निदान १ मेगाओहम हवं. मग एका वहीत रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरची युनिटं लिहा. ॲप आहेच, पण वाय-फाय बदललं की त्याची नोंद तुटते, वहीची तुटत नाही. माझी ३.३ किलोवॉटची सिस्टिम मार्चमध्ये दिवसाला १४-१५ देते, जुलैच्या झडीत ६-७ वर येते. पहिल्या वर्षाची वही हाच तुमचा मापदंड. पुढच्या मार्चमध्ये १२ आले तर आधी धूळ बघा, मग सावली, मग फोन करा. पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी कनेक्टरांवरून तापमानाचं इन्फ्रारेड मीटर फिरवून घ्या. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस अंश जास्त गरम असेल तर तो बदलायचा, वास येईपर्यंत थांबायचं नाही.

पॅनेल धुवायची ती उजाडता-उजाडता, थंड असताना. कोरड्या दिवसांत दर पंधरवड्याला, आणि जवळ बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला. बोअरचं पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि ते निघत नाहीत. मऊ मॉप आणि नळाचं पाणी पुरे.

कबुतरांचं मात्र पहिल्याच महिन्यात बघा. पॅनेलखालची सावली त्यांना फार आवडते, एकदा घरटं झालं की वायरी, विष्ठा, पिसं सगळंच निस्तरावं लागतं. कडेने जाळी लावून घ्या, खालून हवा खेळती राहील अशी. जाळीवाला पॅनेलच्या फ्रेमला ड्रिलने भोकं पाडायला निघेल, तेव्हा त्याला थांबवा. फ्रेमला अडकणाऱ्या क्लिप मिळतात. भोक पाडलं की पॅनेलची वॉरंटी गेली.